जेवणघराचे मोजमाप

नव्या घराचा नकाशा हाती आला म्हणजे माणसे दिवाणखान्याची लांबी पाहतात, शयनगृहांची संख्या मोजतात, सज्जा कोणत्या दिशेला आहे याची चौकशी करतात आणि वाहन उभे करण्याच्या जागेवरून बांधकाम करणाऱ्याशी हुज्जतही घालतात. परंतु दिवसातून दोन वेळा सगळ्या कुटुंबाने जेथे एकत्र बसावयाचे, त्या जागेविषयी फारसा प्रश्न कोणी विचारीत नाही. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्या दरम्यान जी रिकामी चौकट उरते तिच्यात ‘डायनिंग’ असा शब्द छापलेला असतो, चार खुर्च्यांची आकृतीही काढलेली असते, आणि त्या आकृतीवर भरवसा ठेवून ताबा घेतल्यावर ध्यानात येते की खुर्चीवर माणूस बसला म्हणजे पाठीमागचे दार पुरते उघडत नाही. मग दुकानात जाऊन जे टेबल डोळ्यांना बरे दिसले ते आणले जाते, ते भिंतीला लावले जाते, वर्षभरात त्यावर वर्तमानपत्रे, औषधांच्या बाटल्या, विजेची बिले यांचा ढीग साचतो आणि घरातील मंडळी ताट मांडीवर घेऊन दूरदर्शन संचासमोर बसतात. लाकडाचा किंवा सुताराचा यात काही दोष नाही. जागेचा हिशेब आधी न करता सामान आधी आणल्याचा हा परिणाम आहे.

हा हिशेब कसा करावा याचा तपशील पुढे येईलच. परंतु ज्या कसोटीवर तो घासून पाहावयाचा ती कसोटी प्रारंभीच नमूद करणे इष्ट आहे. ज्या व्यक्तीने स्वयंपाक केला, तिला सर्वांबरोबर, त्याच वेळी, त्याच जागी बसून गरम अन्न जेवता येते किंवा नाही, एवढाच प्रश्न जेवणाच्या जागेला विचारावयाचा असतो. याचे उत्तर ‘होय’ असेल तर टेबल साध्या प्लायचे असले तरी चालते. आणि ‘नाही’ असेल तर शिसवी लाकूड, संगमरवरी पाटा आणि कोरीव पाय यांनी ती उणीव भरून निघत नाही.

पाट आणि पंगत

पुण्याच्या शनिवार, सदाशिव किंवा नारायण पेठेतील जुन्या वाड्यांत जेवणासाठी म्हणून राखून ठेवलेली वेगळी खोली बहुधा नसे. नित्याचे जेवण स्वयंपाकघरात किंवा लगतच्या माजघरात होई, आणि कार्यप्रसंगी ओसरी, सोपा, प्रसंगी चौकसुद्धा पंगतीच्या उपयोगी पडे. बसावयास पाट, ताटाखाली अडणी, ताटाभोवती रांगोळीची रेघ, हाताशी तांब्याभांडे, एवढ्या सरंजामावर शंभर माणसांचे जेवण यथासांग पार पडत असे. पाट म्हणजे दोन आडव्या पट्ट्यांवर ठोकलेली फळी. कोकणात ती फणसाची, देशावर सागाची, आणि ऐपतदार घरी शिसवीची असून कोपऱ्यांवर पितळी फुल्या बसविलेली. जेवण झाले की पाट भिंतीशी उभे केले जात, उष्टी काढून जमिनीवर शेणगोळा फिरविला जाई, आणि घटकाभरापूर्वी जेथे पंगत बसली होती तेथे मुले अभ्यासाला किंवा बायका निवडण-टिपणाला बसत.

जागेच्या उपयोगाच्या दृष्टीने पाहिले तर ही व्यवस्था अत्यंत शहाणपणाची होती. मांडी घालून बसलेल्या माणसाला ताटासह दोन फूट रुंद आणि साडेतीन ते चार फूट खोल एवढी जागा पुरते, आणि ती जागा जेवणापुरतीच अडते. उलट, चार माणसांचे टेबल खुर्च्यांच्या हालचालीसह ५० चौरस फुटांच्या आसपास जागा व्यापते आणि ती चोवीस तास व्यापून ठेवते. पाचशे चौरस फुटांच्या घरात हा घराचा दहावा हिस्सा झाला. ज्या शहरात चौरस फुटाच्या भावाने माणसाची आयुष्यभराची मिळकत गिळंकृत होते, त्या शहरात हा दहावा हिस्सा विचार न करता देऊन टाकणे परवडणारे नाही.

परंतु पंगतीचे गुणगान करताना तिचा दुसरा दस्तूरही विसरता कामा नये. पहिल्या पंगतीला पुरुष आणि मुले बसत, आणि सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले, निवलेले अन्न घेऊन घरातील स्त्रिया चुलीजवळ बसत. सोवळ्याओवळ्याच्या नियमांनी कोणी कोठे बसावे, कोणी कोणाला वाढावे आणि कोणी मुळी पंगतीत बसूच नये, हे ठरवून दिलेले होते. पाटाने जागा वाचविली हे खरे. पण ज्या शिरस्त्याने तो मांडला जाई त्याने घरातील निम्म्या माणसांना एकत्र भोजनाच्या सुखापासून पिढ्यान्‌पिढ्या वंचित ठेवले, हेही तितकेच खरे आहे.

टेबलाचा प्रवेश

पश्चिम किनाऱ्यावर टेबल प्रथम रुळले ते गोव्यात. पोर्तुगीज अमलात सासष्टी आणि बारदेश या तालुक्यांतील ख्रिस्ती जमीनदारांनी जी प्रशस्त घरे बांधली त्यांत भोजनासाठी स्वतंत्र दालन आणि त्यात लांबलचक टेबल ही वहिवाट पडून गेली. चांदोर, लोटली या गावांतील जुनी घरे आजही त्याची साक्ष देतात. मुंबईत मध्यमवर्गीय मराठी घरांत टेबल आले ते बरेच नंतर, सदनिकेच्या पाठोपाठ. गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, आणि पुढे दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांत सिमेंट-काँक्रीटच्या इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा वाड्यातील माजघर नव्या नकाशात कोठे बसवावयाचे असा प्रश्न वास्तुशिल्पज्ञांपुढे पडला. १९३७ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने मुंबईच्या टाऊन हॉलात आदर्श घराचे एक प्रदर्शन भरविले आणि नव्या पद्धतीचे घर आतून कसे असावे याचे नमुने लोकांपुढे ठेवले. त्याच सुमारास पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांनी भारतीय हवामानाला आणि मध्यमवर्गाच्या खिशाला सोसतील अशा घरांचे नकाशे व त्यांचे विवेचन असलेली इंग्रजी पुस्तके लिहिली. घर म्हणजे केवळ भिंती व छप्पर नसून त्यात राहणाऱ्यांच्या दिनक्रमाची ती आखणी आहे, हा विचार या काळात सुशिक्षित समाजात रुजू लागला.

टेबलाला विरोध झाला नाही असे नाही. जुन्या मंडळींना खुर्चीवर पाय सोडून जेवणे अप्रशस्त वाटे. एकाच लाकडावर सर्वांची ताटे म्हणजे खरकट्याचा संसर्ग, असाही आक्षेप घेतला जाई. अनेक घरांतून बरीच वर्षे दोन्ही व्यवस्था एकत्र नांदल्या; मुले टेबलाशी आणि आजोबा पाटावर. स्वयंपाकघरात मात्र एक मोठे स्थित्यंतर घडले होते. जमिनीवरची चूल आणि शेगडी जाऊन उभ्याने काम करण्याचा ओटा आला, त्यावर स्टोव्ह आणि मागाहून गॅस आला, आणि स्वयंपाक करणारी स्त्री एकदा उभी राहिल्यावर जेवणारे जमिनीवर बसणे गैरसोयीचे ठरू लागले. कारण ओट्यावरून जमिनीवरच्या ताटात वाढण्यासाठी तिला प्रत्येक वेळी कंबरेत वाकावे लागे. तेव्हा जेवणारेही उंच बसले पाहिजेत हे ओघानेच आले.

टेबलाशी सर्वांना एकाच वेळी बसता येते, तेथे पहिली आणि दुसरी पंगत उरत नाही, ही त्याची खरी थोरवी. परंतु पाच माणसांच्या घरात चार खुर्च्या, आणि ओट्यापासून दूर दिवाणखान्याच्या टोकाला ठेवलेले टेबल, अशी मांडणी असली म्हणजे जुना शिरस्ता नव्या लाकडावर पुन्हा चढून बसतो. तव्यावरची पोळी ताटात पोहोचविण्यासाठी एक व्यक्ती सतत येरझारा घालीत राहते, आणि ती बसते तेव्हा इतरांचे हात धुऊन झालेले असतात. जेवणघराची आखणी हा सौंदर्याच्या आधी न्यायाचा प्रश्न आहे, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

आकड्यांचा हिशेब

आता मोजमापाकडे वळू. प्रत्येक जेवणाऱ्याला टेबलाची दोन फूट लांबी मिळाली पाहिजे. त्याहून कमी असेल तर शेजाऱ्याचे कोपर लागते. म्हणजे समोरासमोर दोन-दोन बसणार असतील तर चार फूट, आणि तीन-तीन बसणार असतील तर सहा फूट लांबी हवी. रुंदीचा विचार मात्र आपल्या ताटावरून करावयास हवा, आणि येथेच परदेशी मापांवर बेतलेली पुष्कळशी टेबले अपुरी पडतात. आपले ताट साधारण १२ इंच व्यासाचे असते. टेबलाची रुंदी ३० इंच धरली आणि दोन्ही कडांना एकेक इंच सोडला, तर समोरासमोरच्या दोन ताटांनी २६ इंच व्यापले आणि मध्ये उरले अवघे चार इंच. या चार इंचांत वरणाचे पातेले, भाताचा कुकर, पोळ्यांचा डबा, लोणच्याची बरणी आणि पाण्याचा तांब्या कोठे ठेवावयाचा? रुंदी ३६ इंच केली की मध्ये दहा इंचांचा पट्टा मोकळा मिळतो आणि भांडी टेबलावर राहू शकतात; भांडी टेबलावर राहिली म्हणजे वाढण्यासाठी कोणाला उठावे लागत नाही. सहा इंच लाकडाने घरातील एका माणसाचे जेवण सुखाचे होते, यापरते दुसरे किफायतशीर लाकूड नाही.

उंचीच्या बाबतीतही असाच विचार हवा. बाजारात ३० इंच उंचीची टेबले सर्रास मिळतात. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास आहे, आणि आपण हाताने जेवतो. भात कालवताना हात कोपरापेक्षा किंचित खाली असावा लागतो, नाहीतर खांदा आखडतो. सबब २८ ते २९ इंच उंची आपल्या घरांना अधिक मानवते. खुर्चीची बैठक १७ ते १८ इंचांवर असावी, म्हणजे बैठक आणि टेबलाचा पृष्ठभाग यांत अकरा-बारा इंचांचे अंतर राहते. पाट्याखाली चौफेर जी उभी पट्टी मारलेली असते ती तीन इंचांहून रुंद नसावी. ती पाच इंचांची केली तर मांड्या अडतात, आणि खुर्चीवर मांडी घालून बसण्याची सवय असलेल्या वडीलधाऱ्यांना तर तेथे बसणेच अशक्य होते.

टेबलाभोवतीच्या मोकळ्या जागेचा हिशेब सर्वांत अधिक विसरला जातो. खुर्ची मागे सारून उठण्यासाठी टेबलाच्या कडेपासून ३० इंच लागतात, आणि बसलेल्या माणसाच्या पाठीमागून दुसऱ्याला जाता यावे अशी इच्छा असेल तर निदान ३६ इंच, आणि हातात गरम पातेले असेल तर ४४ इंच सोडणे श्रेयस्कर. तीन फूट रुंदीच्या टेबलाला दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट सोडले म्हणजे खोलीची रुंदी नऊ फूट हवी. एवढी रुंदी नसेल तर एका बाजूला भिंतीलगत बाक घ्यावा. बाक मागे ओढावा लागत नाही, आणि त्याची बैठक थोडी टेबलाखाली सरकत असल्याने भिंत आणि टेबल यांत १५ इंच पुरतात. म्हणजे खुर्च्यांच्या मानाने २१ इंच, पावणेदोन फूट जागा वाचते, शिवाय बाकाच्या पोटात धान्याचे डबे किंवा सणासुदीची भांडी राहतात. बाकावर मांडी घालूनही बसता येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मात्र बाकावर सरकत आत जाणे त्रासाचे होते. त्याच्यासाठी टोकाला, येण्याजाण्याच्या वाटेशी, हात असलेली एक भक्कम खुर्ची राखून ठेवावी.

राष्ट्रीय इमारत संहितेने या बाबतीत किमान मर्यादा घालून दिली आहे. जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटरचे, आणि जेवणही तेथेच होणार असेल तर ते किमान ७.५ चौरस मीटरचे व २.१ मीटर रुंदीचे असावे, असा तिचा दंडक आहे. ७.५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ८१ चौरस फूट, २.१ मीटर म्हणजे जेमतेम सात फूट रुंदी आणि पावणेबारा फूट लांबी. या खोलीत ओटा लांब भिंतीला घातला, तर ओट्याचे दोन फूट आणि उभे राहण्याचे तीन फूट वजा जाता दोन फुटांचा पट्टा उरतो आणि टेबलाचा विचारच सोडावा लागतो. तोच ओटा आखूड भिंतीला घातला, तर पाच फूट स्वयंपाकाला देऊन उरलेल्या पावणेसात फुटांत चार फूट लांब आणि अडीच फूट रुंद टेबल, त्याचे टोक बाजूच्या भिंतीला लावून, बसविता येते. चार माणसे समोरासमोर बसतात आणि मोकळ्या टोकाशी तीन फुटांची वाट राहते. टेबल अडीच फुटीच असल्याने भांडी ओट्यावर ठेवावी लागतात. परंतु ओटा पाठीशी असल्याने बसल्या जागेवरून वळून ती घेता येतात. क्षेत्रफळ तेच, खर्च तोच. ओट्याची भिंत बदलली एवढेच. म्हणूनच ओट्याचा कडप्पा बसण्यापूर्वी जेवणाची जागा ठरली पाहिजे.

एकशे साठपासून पाचशेपर्यंत

हा प्रश्न आज मुंबईत किती निकडीचा झाला आहे हे पाहावयाचे असेल तर वरळीच्या बीडीडी चाळींकडे पाहावे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते १९२० साली निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक चाळीला तळमजला अधिक तीन मजले, ऐंशी खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. त्या एका खोलीत संसार, पाहुणे, अभ्यास, आजारपण आणि बाळंतपण हे सर्व झाले, आणि ते होऊ शकले याचे कारण तेथील सामान उचलता येण्याजोगे होते. पलंगाखाली वळकट्या, मोरीजवळ ओटा, आणि जेवणाच्या वेळी पलंग व ओटा यांच्या दरम्यानच्या मोकळ्या फरशीवर गोल करून बसलेली माणसे. त्या गोलात भांडी मध्ये असत आणि प्रत्येकाचा हात भांड्यापर्यंत पोहोचे. वाढणारी बाईही त्या गोलातच बसे. वाड्याच्या पंगतीने जे दिले नाही ते चाळीच्या अडचणीने दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता यांपैकी वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळींचा पुनर्विकास चालू आहे आणि प्रत्येक रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे, दोन शयनगृहांचे घर मिळावयाचे आहे. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये देण्यात आल्या. शंभर वर्षे एका खोलीत राहिलेल्या कुटुंबांपुढे प्रथमच असा प्रश्न उभा आहे की, जेवावयाचे कोठे? अशा वेळी आप्तेष्टांकडे पाहून सहा खुर्च्यांचा जड संच आणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु पाचशे चौरस फुटांत सहा खुर्च्यांचा संच आला म्हणजे दिवाणखान्याची मोकळी फरशी नाहीशी होते. आणि मोकळ्या फरशीवरच तर गणपती बसतो, भाऊबिजेचा पाट मांडला जातो आणि गावाकडून आलेली चार माणसे रात्री अंथरूण घालतात. अशा घराला माझ्या मते चार फुटी टेबल, भिंतीलगत एक बाक, समोर दोन खुर्च्या आणि टेबलाखाली सरकणारी दोन स्टुले एवढे पुरेसे आहे. टेबलाच्या एका अंगाला बिजागरीवर खाली पडणारी फळी असेल तर पाहुणे आल्यावर ती उचलून आणखी दोघांची सोय होते. आणि पाट टाकून देऊ नयेत; ते माळ्यावर चढवू नयेत, दाराआड उभे करून ठेवावेत. दहा माणसे जेवावयाची असतील त्या दिवशी टेबल भिंतीशी सारून फरशीवर पंगत मांडणे ही आजही सर्वांत सुटसुटीत तजवीज आहे. अट एकच, की वाढण्याची पाळी आलटून पालटून सर्वांकडे यावी.

सुताराचा खडू

लाकूडकामाचे खरे ज्ञान ज्याच्या हातात आहे असा एक वयस्क कारागीर पुण्यात माझ्या परिचयाचा आहे. कोणी टेबल सांगावयास आले की तो आधी लाकडाचे बोलत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी जातो, खिशातून खडू काढतो आणि फरशीवर टेबलाचा पूर्ण मापाचा चौकोन आखतो. मग त्याच्याभोवती खुर्च्यांचे चौकोन, बसलेल्या स्थितीतले आणि मागे सारलेल्या स्थितीतले, असे दोन्ही आखतो. एका घरी बाईंनी सहा फुटी टेबलाचा आग्रह धरला तेव्हा त्याने खडूची रेघ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला भिडल्याचे दाखविले आणि म्हणाला, “ताई, खुर्ची मागं ओढल्यावर माणूस कुठं जाणार, ते आधी सांगा. लाकूड मी कुठलंबी लावतो.” बाईंनी हातात रिकामे पातेले घेऊन ओट्यापासून त्या रेघेपर्यंत चालून पाहिले, दोनदा पाय रेघेवर पडला, आणि टेबल पाच फुटांचे ठरले. घरोघरी करण्याजोगी ही परीक्षा आहे. खडू नसेल तर जुनी वर्तमानपत्रे टेबलाच्या मापाने फरशीवर चिकटवून चार दिवस त्यांना वळसा घालून वावरावे. कोणते दार अडते, कोठे ठेच लागते, फ्रिज उघडतो की नाही, हे एक पैसा खर्च न करता कळून येते.

त्या कारागिराचे माप आजही सुतांत चालते. आठ सूत म्हणजे एक इंच. टेबल डगमगते ते बहुतेक वेळा पायाच्या दोन सुतांच्या फरकाने, आणि खुर्ची खिळखिळी होते ती सांध्यापाशी, असे तो सांगतो. आडव्या पट्टीचे कुसू पायाच्या खाचेत ठोकून बसविलेले असेल तर खुर्ची दोन पिढ्या टिकते. नुसत्या स्क्रूवर किंवा खिळ्यांवर जोडलेली खुर्ची, तिच्यावर मागे रेलून बसणाऱ्या माणसापुढे चार-पाच वर्षांत हात टेकते. म्हणून दुकानात खुर्ची घेताना तिचे कापड पाहण्याआधी ती उलटी करून सांधे पाहावेत, आणि मागचे दोन पाय धरून तिरकी हलवून पाहावी. चुरचुर आवाज आला तर ती घेऊ नये.

लाकडांत सागाचे महत्त्व निर्विवाद आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांतला, आलापल्ली आणि बल्लारपूरकडून येणारा साग सुतारांच्या तोंडी अद्यापि जुन्या मध्य प्रांताच्या इंग्रजी आद्याक्षरांनी ‘सीपी’ या नावाने ओळखला जातो. सागात नैसर्गिक तेल असल्याने वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही आणि पावसाळ्यात तो इतर लाकडांच्या मानाने कमी फुगतो. कोकणात आणि मुंबईत हा गुण मोलाचा आहे. तो महाग आहे हे उघडच. परंतु सर्व टेबल सागाचे करण्याची गरज नाही. पाय आणि चौकट सागाची, वरचा पाटा चांगल्या प्लायचा आणि त्यावर सनमायका, हा व्यवहार्य मेळ आहे. प्लाय घेताना मात्र त्यावरचा शिक्का वाचावा. आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायचे मानक आहे आणि आयएस ७१० हे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचे. आपल्या घरांत टेबल रोज ओल्या फडक्याने आणि फरशी रोज ओल्या पोछ्याने पुसली जाते. दाबलेल्या भुश्शाच्या फळ्यांचे पाय ते पाणी शोषून घेतात आणि तळाशी फुगून फुटतात. तयार सामान घेणाऱ्यांनी पायांना खाली धातूची किंवा प्लास्टिकची टोपी आहे किंवा नाही हे अवश्य पाहावे.

पृष्ठभागाची निवड आपल्या स्वयंपाकावरून करावी. संगमरवर हा चुनखडीच्या जातीचा दगड असल्याने लिंबू, चिंच, आमसूल यांच्या आम्लाने त्याची चकाकी जाते आणि पांढरट डाग कायमचे उठतात. हळद त्यात मुरते ती वेगळीच. ज्या घरात रोज आमटी आणि सोलकढी होते तेथे जेवणाच्या टेबलाला संगमरवर घालणे योग्य नाही. ग्रॅनाइट या दृष्टीने पुष्कळ सोशिक आहे, पण जड आहे. त्याला पायही तितकेच भक्कम लागतात. काच घ्यावयाची तर कडक केलेली आणि पुरेशा जाडीची घ्यावी. ती हळदीला दाद देत नाही, मात्र दिवसातून चार वेळा पुसावी लागते, आणि तेही काम कोणाच्या तरी वाट्याला जाते हे ध्यानात ठेवावे. सनमायका सर्वांत सोयीचा. मात्र गॅसवरून उतरविलेले पातेले थेट त्यावर टेकवू नये. खुर्च्यांच्या बैठकीला कापड लावण्यापेक्षा वेताची वीण किंवा नुसते लाकूड बरे. मुलांच्या हातून वरण सांडणारच, आणि ते धुता आले पाहिजे.

पाणी, उजेड आणि ओट्याचे अंतर

हाताने जेवणाऱ्या समाजाच्या जेवणघराला हात धुण्याची जागा जवळ हवी. तीसुद्धा अशी, की उठलेल्या माणसाला इतरांच्या खुर्च्या ओलांडून जावे लागू नये, आणि चूळ भरण्याचा देखावा जेवणाऱ्यांच्या समोर येऊ नये. बेसिन टेबलाच्या थेट समोर न घेता कोपऱ्याआड किंवा पॅसेजच्या तोंडाशी घेतले म्हणजे दोन्ही हेतू साधतात.

दिव्याविषयी दोन शब्द. टेबलावर लोंबता दिवा सुरेख दिसतो आणि अन्नावर उजेडही चांगला पाडतो. तो पृष्ठभागापासून अडीच फुटांवर असावा, म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकला जात नाही. परंतु आपल्या हवेत पंख्यावाचून जेवण अशक्य असते, आणि पंख्याच्या खाली दिवा टांगला तर तो झुलत राहतो. अशा ठिकाणी पंखा टेबलाच्या थेट वर न घेता एका अंगाला घ्यावा. अन्नही त्यामुळे लवकर निवत नाही. उजेड पिवळसर असावा. पांढऱ्याफटक उजेडात भाजीचा रंग मरतो.

या सर्वांत मोलाचे माप म्हणजे ओट्यापासून टेबलापर्यंतचे अंतर. ते पाच-सहा पावलांहून अधिक असू नये आणि मध्ये उंबरा नसावा. टेबलालगत, स्वयंपाक करणाऱ्याच्या नेहमीच्या खुर्चीवरून बसल्या बसल्या हात पोहोचेल अशा बेताने, भिंतीवर फूटभर रुंदीची एक फळी ठोकावी. भाताचे पातेले, ताकाचे भांडे, पोळ्यांचा डबा, पाण्याचा तांब्या हे सर्व जेवणापूर्वी तेथे आणून ठेवावे. ही फळी बसविण्यास सुताराला अर्धा तास पुरतो, आणि जेवणातील निम्म्याहून अधिक उठबस तिच्यामुळे वाचते. बाकीची उठबस वाचविण्यासाठी लाकूड लागत नाही. घरातील थोरामोठ्यांनी, विशेषतः पुरुषांनी, आपले पाणी आपण घेण्याची आणि शेवटच्या पोळ्या आळीपाळीने भाजण्याची सवय लावून घ्यावी लागते. गरम पोळीचा हट्ट असेल तर ती भाजण्याचाही हट्ट असावा.

दिवाळीच्या सुमारास अनेक घरांत नव्या सामानाची खरेदी होते. दुकानांत सवलतींचे फलक लागतात आणि संचाची किंमत पाहून निर्णय घाईने घेतले जातात. वाचकांना माझी विनंती एवढीच की पैसे मोजण्यापूर्वी घरातील सर्व माणसे मोजावीत, स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची खुर्ची कोणती हे सर्वांत प्रथम ठरवावे, ती खुर्ची ओट्याच्या बाजूला आणि वाढण्याच्या फळीजवळ ठेवावी, तिच्यापासून मापे घेण्यास आरंभ करावा आणि मगच टेबलाची लांबी, रुंदी आणि लाकूड यांचा विचार करावा. त्या खुर्चीवरील माणूस जेवण संपेपर्यंत सर्वांबरोबर बसून राहू शकत नसेल, तर ते टेबल घेऊ नये.